सोयरीक मोडली, पिच्छा सुटेना: गुन्हा सिद्ध करायला काय लागतं?

प्रश्न: मी चोपडा तालुक्यातली, वय 24. जळगावला एका खासगी लॅबमध्ये नोकरी करते, रोज एस.टी.ने येणं-जाणं. आठ महिन्यांपूर्वी एक स्थळ आलं होतं. मुलगा पाहून गेला, मला पसंत नव्हता, वडिलांनी मध्यस्थामार्फत नकार कळवला. तेव्हापासून तो मागे लागलाय. सकाळी आमच्या फाट्यावर मोटारसायकल लावून उभा, संध्याकाळी जळगावच्या स्टँडवर हजर. वेगवेगळ्या नंबरांवरून मेसेज करतो. 'लग्न करीन तर तुझ्याशीच', 'रात्री दोनला ऑनलाइन होतीस, कोणाशी बोलत होतीस?' मी एकालाही उत्तर दिलं नाही, नंबर ब्लॉक करत गेले. सुरुवातीचे मेसेज किळस येऊन डिलीट केले. पोलीस ठाण्यात गेलो तर एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) घेऊन परत पाठवलं. आत्या म्हणते, जाऊ दे माय, लोके काय म्हनतीन. भाऊ म्हणतो, स्टँडवरच तुडवतो. वडील म्हणतात, नोकरी सोड. कॅनडातला मामेभाऊ म्हणाला, तू घाबरलीस हे सिद्ध करावं लागतं, नाहीतर केस टिकत नाही. मला भीती नाही वाटत, राग येतो. मग माझी केसच होत नाही का? पुरावा नेमका काय लागतो? (नाव-गाव छापू नये.)

उत्तर: ताई, तुमची केस होते. राग येतो म्हणून ती तसूभरही कमजोर होत नाही.

मामेभाऊ खोटं बोलला नाही, तो तिकडचं बोलला. कॅनडाच्या फौजदारी संहितेत 1993 पासून कलम 264 आहे. तिथे सरकारी पक्षाला दाखवावं लागतं की आरोपी वारंवार मागे गेला, संपर्क करत राहिला, घरावर किंवा कामाच्या जागेवर पाळत ठेवली किंवा धमकावलं. त्याचा समोरच्या व्यक्तीला जाच झाला. आरोपीला ते ठाऊक होतं किंवा त्याने फिकीरच केली नाही. आणि त्या व्यक्तीला स्वतःच्या किंवा ओळखीच्या कोणाच्या सुरक्षिततेची भीती वाटली, तीही परिस्थिती बघता रास्त. ही भीती नसेल तर तिथला खटला उभा राहत नाही.

आपल्या कायद्यात ती अट नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिचं कलम 78 'पाठलाग' या गुन्ह्याचं. त्याआधी हाच गुन्हा भारतीय दंड संहितेत कलम 354-ड म्हणून होता, दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर 2013 साली घातलेला. या कलमात तुम्ही घाबरलात का, रडलात का, झोप उडाली का, यातलं काहीही विचारलेलं नाही. विचारलंय ते दुसरंच: पुरुष बाईच्या मागे गेला का आणि वैयक्तिक जवळीक साधण्यासाठी त्याने संपर्क केला किंवा करायचा प्रयत्न केला का, हे वारंवार झालं का, आणि तिला यात रस नाही हे तिने स्पष्ट दाखवल्यानंतरही झालं का. शिवाय एक वेगळी वाट आहे: बाईच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या वापरावर पाळत ठेवणं. तोही पाठलागच.

आता या एकेका गोष्टीवर तुमचं प्रकरण घासून बघू. जवळीक साधण्याचा हेतू सिद्ध करायला तुम्हाला काही करायचंच नाही, ते काम त्याने स्वतः केलंय. 'लग्न करीन तर तुझ्याशीच' हा मेसेज म्हणजे त्याची स्वतःच्या हाताने लिहिलेली कबुली. असे लोक चौकीत मोठ्या तोऱ्यात सांगतात, 'साहेब, माझा काही वाईट हेतू नव्हता, मला तर लग्न करायचं होतं.' सांगू द्या. वाईट हेतू असावा असं कलम म्हणतच नाही.

खरी अडचण आहे ती 'स्पष्ट दाखवलं' या ठिकाणी, आणि तुमचं पत्र वाचताना माझी पेन्सिल तिथेच थांबली. नकार वडिलांनी दिला, तोही मध्यस्थाकडून. आपल्याकडे सोयरीक अशीच जमते आणि अशीच मोडते, त्यात तुमचं चुकलं असं नाही. पण कलमातला नकार बाईचा स्वतःचा आहे. तुम्ही उत्तर न देणं, नंबरामागून नंबर ब्लॉक करणं, हेही नकार दाखवणंच आहे आणि कोर्टात तसं मांडता येतं. तरी आरोपीचा वकील उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच विचारणार: 'तुम्ही स्वतः त्याला कधी नाही म्हणालात का? म्हणजे त्याला वाटत होतं की वडिलांचा विरोध आहे, मुलीचा नाही, बरोबर?' या प्रश्नाची सोय आजच करून ठेवायची.

एकदाच, एकच मेसेज पाठवा, तुमच्या स्वतःच्या नंबरवरून, तो सध्या वापरतोय त्या नंबरवर. साधारण असा: 'तुमचं स्थळ मी स्वतः नाकारलं आहे. मला तुमच्याशी कोणताही संबंध ठेवायचा नाही. यापुढे मला फोन-मेसेज करू नका, माझ्या मागे येऊ नका, कोणामार्फत निरोप पाठवू नका.' बस. 'प्लीज' नको, 'सॉरी' नको, 'सध्या नको' तर अजिबात नको. 'घरचे ऐकत नाहीत' असलंही काही नको; तेवढ्या फटीतून तो पुन्हा आत शिरतो. मेसेज पोचल्याच्या खुणेसकट स्क्रीनशॉट घ्या. त्यानंतर त्याने आईची शपथ घातली, विष पिईन म्हणाला, चार पानं लिहून पाठवली, तरी एक अक्षर उत्तर द्यायचं नाही. नकारानंतर आलेला प्रत्येक मेसेज, फाट्यावर दिसलेली प्रत्येक सकाळ थेट कलमात बसते.

स्वतः मेसेज करायचा नसेल तर वकिलाकडून नोटीस पाठवून पोचपावती जपा. आणि त्याने कधी ॲसिडची, मारून टाकण्याची, उचलून नेण्याची भाषा केली असेल तर मेसेज-बिसेज विसरा, सरळ पोलिसांत जा. तिथे पुरावा गोळा करत बसण्यापेक्षा तुमचा जीव मोठा. शिवाय ती भाषा म्हणजे कलम 351 खाली गुन्हेगारी धाकदपटशाचा वेगळा गुन्हा, आणि मारून टाकण्याची धमकी असेल तर शिक्षा 7 वर्षांपर्यंत जाते.

'वारंवार' ही दुसरी पायरी. अकोल्याच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2024 च्या अखेरीस स्पष्ट सांगितलं की एकदाच मागे जाणं म्हणजे कायद्यातला पाठलाग नव्हे, ते पुन्हा पुन्हा झालेलं दिसलं पाहिजे. तुमच्याकडे आठ महिने आहेत. पण 'आठ महिन्यांपासून रोज त्रास देतो' असं ढोबळ वाक्य तक्रारीत लिहिलंत तर त्याला कोर्टात वजन नाही, कारण त्यात एकही दिवस नाही. दिवस लागतात, आणि दिवस आठवणीत राहत नाहीत, कागदावर राहतात.

म्हणून एक साधी वही घाला. नोंद अशी हवी: तारीख, सकाळी 8.10, आमचा फाटा. काळी मोटारसायकल, एमएच 19, शेवटचे आकडे अमुक. गाडी निघाल्यावर धानोऱ्यापर्यंत मागे. खिडकीशी येऊन 'खाली उतर' म्हणाला. सोबत अमुक मैत्रीण. त्याच दिवशी लिहायची, तारीख चुकली तर व्हाइटनर न लावता काट मारून पुढे लिहायची. साक्ष द्यायच्या वेळी आपण त्याच सुमारास लिहून ठेवलेल्या नोंदी पाहून आठवण ताजी करायची मुभा कायदा देतो. आणि एस.टी.चं तिकीट फेकू नका. 2023 पासून बायकांना अर्ध्या तिकिटाची सवलत आहे, कंडक्टरच्या मशीनमधून ती कागदी पट्टी निघते, तिच्यावर तारीख, वेळ, कुठून कुठे सगळं असतं. तुम्ही त्या दिवशी त्या गाडीत होतात याचा इतका फुकटचा पुरावा दुसरा नाही. मात्र ती शाई दोन-तीन महिन्यांत उडते, म्हणून घरी आल्यावर फोटो काढून पट्टी वहीत चिकटवा.

आता तो काय बचाव घेईल बघा. परिस्थिती पाहता आपलं वागणं वाजवी होतं असं दाखवलं तर आरोपी सुटतो, असा अपवाद कलमातच आहे. म्हणजे तो म्हणेल, 'माझं केळीचं काम आहे, जळगावला रोज जावंच लागतं, रस्ता एकच आहे, त्याला मी काय करू?' हे ऐकायला खरं वाटतं, कारण चोपड्याहून जळगावला निम्मा तालुका त्याच रस्त्याने जातो. हा बचाव तोडायचा तर योगायोग कुठे संपतो ते दाखवावं लागतं. तुम्ही एखाद्या दिवशी तासभर आधीची गाडी धरलीत आणि तोही तासभर आधीच फाट्यावर होता का? सुटी घेतलीत त्या दिवशी तो लॅबच्या गेटवर विचारायला आला का? त्याचं काम मार्केट यार्डात आणि तो उभा असतो तुमच्या लॅबसमोरच्या टपरीवर, असं आहे का? अशा चार नोंदी 'रोज दिसतो' च्या शंभर नोंदींना भारी पडतात. यासाठी मुद्दाम एकटीने सापळा लावायला मात्र जाऊ नका. जे आपोआप घडतं तेवढंच टिपा, आणि मैत्रिणीला बरोबर ठेवा.

एक बारकावा सांगते, कारण पोलीसही त्यावर घसरतात. कलमात मागे जाणं आणि संपर्क करणं ही जोडून आलेली शब्दयोजना आहे. त्यामुळे तक्रारीत फक्त मेसेज लिहू नका आणि फक्त फाटाही लिहू नका, दोन्ही एकत्र मांडा: या तारखेला मागे आला, त्याच रात्री या नंबरवरून हा मेसेज आला.

'रात्री दोनला ऑनलाइन होतीस' हा मेसेज वेगळा काढून ठेवा. नुसतं कोणी ऑनलाइन आहे का हे पाहणं पाळतीत मोडतं की नाही यावर वकील वाद घालतील. पण रात्री दोन वाजता तुम्ही ऑनलाइन आहात हे टिपून, सकाळी त्याचा जाब विचारणाऱ्या माणसाला मी तरी पाळत ठेवणाराच म्हणेन. शिवाय पाळतीच्या या वाटेत नकाराची किंवा वारंवारतेची अट घातलेली नाही, म्हणून तक्रारीत तिचा वेगळा उल्लेख हवाच. त्याच बैठकीत पासवर्ड बदला, आणि तुमचं व्हॉट्सॲप दुसऱ्या कुठल्या उपकरणावर जोडलेलं आहे का ते सेटिंगमध्ये बघा.

मोबाइलबद्दल. डिलीट झालेल्यांचं दुःख करत बसू नका. फोन कोणी, कोणाला, कधी केला याचा तपशील कंपनीकडे असतो आणि तो पोलीस मागवू शकतात. त्याचा फोन जप्त झाला तर त्यातूनही बरंच निघतं. यापुढे मात्र काही पुसायचं नाही, फोन रिसेट करायचा नाही, एक्स्चेंजमध्ये द्यायचा नाही. मुली हमखास चुकतात ते असं: नंबर 'त्रास', 'उचलू नको 2' अशा नावांनी सेव्ह करतात आणि मग स्क्रीनशॉट घेतात. त्यावर नुसतं 'उचलू नको 2' दिसतं, नंबर नाही. तेव्हा नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, आणि आपोआप गायब होणाऱ्या मेसेजची सोय चालू असेल तर बंद करा.

स्क्रीनशॉट ही नक्कल आहे, मूळ पुरावा तुमचा फोन. इलेक्ट्रॉनिक पुराव्याची नक्कल कोर्टात द्यायची तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं, त्याचा एक भाग फोनचा ताबा असणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हे प्रमाणपत्र सक्तीचं ठरवलं, आणि मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं तर त्याची गरज नाही असंही सांगितलं. तो निकाल जुन्या कायद्यावरचा आहे, पण प्रमाणपत्राशिवाय नक्कल चालत नाही हा धडा आजही तसाच. हे काम तपास अधिकाऱ्याचं, तुम्ही फक्त फोन आहे तसा ठेवा, आणि तो जप्त केला तर पंचनाम्याची प्रत मागून घ्या. स्टँडवरच्या आणि लॅबच्या कॅमेऱ्याचं चित्रण मात्र थांबत नाही, काही दिवसांत त्यावर नवीन चढतं. म्हणून लॅबच्या मालकांना आजच लेखी द्या की अमुक तारखांचं चित्रण जपून ठेवा, आणि स्टँडच्या चित्रणासाठी तसाच अर्ज पोलिसांना द्या.

तुमचा एकटीचा शब्द पुरतो का? अमुक इतके साक्षीदार हवेतच असं आपला कायदा म्हणत नाही. एकटीची साक्ष विश्वासार्ह वाटली तर तिच्यावर शिक्षा होऊ शकते. पण सोबत प्रवास करणारी मैत्रीण, वडिलांचा निरोप पोचवणारे मध्यस्थ, गेटवरचा वॉचमन हे बोलले तर साक्षीला जोड मिळते. मध्यस्थ तुमच्या आणि त्यांच्या, दोघांच्या नात्यात असणार, तेव्हा ते उद्या मागे सरतील हे धरूनच चाला. त्यांच्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

आता एन.सी.चं. इथे तुम्हाला चुकीचं परत पाठवलं. पाठलाग हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपास करता येतो; त्याला एन.सी. नाही, एफ.आय.आर. लागते. ललिता कुमारी प्रकरणात 2013 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलंय की माहितीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफ.आय.आर. नोंदवणं बंधनकारक आहे. आणि हे नीट लक्षात घ्या: नोंदवण्यासाठी पुरावा लागत नाही, माहिती लागते. संशयाला जागा न ठेवता सिद्ध करायचं ते कोर्टात, ठाणे अंमलदाराच्या टेबलावर नाही. 'आधी पुरावा आणा' म्हणणाऱ्याला हे शांतपणे ऐकवा. फार तर उपअधीक्षकांच्या परवानगीने 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, त्यापलीकडे टोलवता येत नाही.

पुन्हा जाल तेव्हा लेखी तक्रार दोन प्रतींत न्या आणि एकीवर शिक्का घ्या. तुमचं म्हणणं महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचं, असा नियम आहे. एफ.आय.आर.ची प्रत फुकट मिळते. 'फाटा आमच्या हद्दीत, स्टँड जळगावच्या हद्दीत' असा घोळ घातला तर झिरो एफ.आय.आर. मागा, हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात ती होते. तरीही नकार आलाच तर तक्रार पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, आणि तिथेही हाललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. आठ महिने गेले म्हणून उशीर झाला असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. या गुन्ह्यासाठी मुदत तीन वर्षांची आहे.

एफ.आय.आर. झाली की तो लगेच आत जाईल अशी आशा मात्र धरू नका. पहिल्या वेळेस शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड, आणि गुन्हा जामीनपात्र. बहुधा नोटीस मिळेल, नाहीतर त्याच दिवशी जामीन. दुसऱ्यांदा पाच वर्षांपर्यंत आणि अजामीनपात्र, पण ते एकदा दोषी ठरल्यानंतर पुन्हा केलं तर, दुसरी तक्रार झाली म्हणून नव्हे. लोक इथे गफलत करतात आणि मग 'कायद्यात दम नाही' म्हणून बसतात. जामिनावर सुटून पुन्हा फाट्यावर आला तर ताबडतोब लेखी कळवा, आणि त्याच्यावर चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखायची हमी घेणारी प्रतिबंधक कारवाई, करायची मागणी करा. तहसीलदारांपुढे शांततेचा बॉण्ड लिहून द्यावा लागला की अशी पोरं बरीच वठणीवर येतात, हा माझा अनुभव.

भावाला माझा निरोप द्या: स्टँडवर त्याच्यावर हात टाकलास की त्या मिनिटाला तू आरोपी आणि तो फिर्यादी. मग दोन्ही बाजूंच्या केसेस, आणि पाठोपाठ 'दोघं मिटवून घ्या' चा आग्रह. त्याला अंग गरम करायचंच असेल तर रोज संध्याकाळी स्टँडवर न्यायला यावं, तोही एक साक्षीदार होईल. त्या माणसाचा फोटो स्टेटसला टाकायचा नाही, हेही त्यालाच सांगा; बदनामीची केस उलटी अंगावर येते.

आत्याबाईंना मी दोष देत नाही, त्यांनी गाव पाहिलंय. पण बैठक बसवायची म्हणत असतील तर एवढं ठरवा की तुम्ही तिथे जायचं नाही आणि 'पोरगा चुकला, सोडून द्या' एवढ्यावर उठायचं नाही. त्याने सहीनिशी लिहून द्यावं की मुलीने नकार दिला आहे हे मला माहीत आहे आणि यापुढे मी तिच्या वाटेला जाणार नाही. पाळलं तर ठीकच. मोडलं तर तो कागद आपल्याच फाइलमध्ये लागतो. एफ.आय.आर. आधी झालेली असेल तर बैठकीतल्या तडजोडीने ती संपत नाही. हा गुन्हा आपसात मिटवता येणारा नाही, रद्द करायला छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जावं लागतं.

वकिलाचा खर्च वडिलांच्या डोक्यात असणार. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जळगावच्या जिल्हा न्यायालयात किंवा चोपड्याच्या तालुका समितीत अर्ज द्यायचा, नाहीतर 15100 वर फोन. रस्त्यात अडवलं तर 112.

आणि नोकरी सोडू नका. लॅबमध्ये वरिष्ठांना सगळं सांगा, जमलं तर पाळी बदलून मैत्रिणीच्या गाडीची वेळ धरा. आधी तो मेसेज पाठवा, मग दोन-चार दिवसांत, तो थांबला नाही तर वही, तिकिटं आणि फोन घेऊन ठाण्यात जा. वडिलांना सोबत न्या, भावाला बाहेर थांबवा.